दुसऱ्या आठवड्याचे जहाज

जानेवारी उजाडला की अमेरिका आणि कॅनडाच्या उत्तरेकडचा माणूस बर्फ उपसून कंटाळतो आणि दक्षिणेची तिकिटे शोधू लागतो. मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनव्हरल या फ्लोरिडातल्या बंदरांतून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांचा हाच खरा हंगाम. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा काळ. तो सरता सरता उन्हाळाभर भूमध्य समुद्रात आणि अलास्काच्या किनाऱ्याने फिरलेली जहाजे कॅरिबियनकडे वळतात. २०२४ साली जगभरात सुमारे ३ कोटी ४६ लाख लोक क्रूझवर गेले आणि त्यांतले साधारण चाळीस टक्के याच समुद्रात फिरले.

या गर्दीत एक खास जमात असते. सात रात्रींनी समाधान होत नाही म्हणून त्याच जहाजावर लागोपाठ दोन फेऱ्यांचे बुकिंग करणारी. पहिल्या आठवड्यात पूर्व कॅरिबियन म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, पोर्तो रिको. दुसऱ्यात पश्चिम म्हणजे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका. कागदावर हिशेब सुरेख दिसतो. विमानभाडे एकदाच, बॅग एकदाच उघडायची आणि इतके देश पाहून व्हायचे. आणि तरीही हिवाळ्यातल्या या जोडफेऱ्यांहून परतलेल्या काही प्रवाशांचा सूर विलक्षण कडवट असतो. यादीतली दोन बंदरे वगळली गेली. एक बंदर मात्र दोनदा पदरात पडले. समुद्रकिनाऱ्याचा दिवस अंगात जाकीट घालून काढावा लागला. दुसऱ्या आठवड्यात तेच जेवण, तेच नाचगाणे, निवेदकाचे तेच विनोद. मधल्या दिवशी तर सगळ्यांना जहाजावरून खाली उतरवले. शेवटी हातात पडलेले बिल तिकिटाच्या रकमेला लाजवणारे.

तक्रारी खऱ्या आहेत. पण हा प्रवासी त्यांचा दोष नशिबाला देतो, हवामानाला देतो किंवा त्या एका जहाजाच्या गलथान कारभाराला देतो. आमच्या मते यात अपघाताचा भाग थोडा आहे. क्रूझचा धंदा सात दिवसांच्या चक्रावर उभा आहे आणि पहिल्या फेरीत ते चक्र दिसत नाही, दुसऱ्या फेरीत दिसते. मेसमध्ये महिनाभर जेवलेल्या माणसाला भाजीवरून वार ओळखता येतो, तसेच हे.

हे चक्र कसे फिरते ते पाहू. ठरलेल्या दिवशी पहाटे जहाज धक्क्याला लागते. सकाळी दहाच्या सुमारास जुने प्रवासी उतरलेले असतात, दुपारी नवे चढू लागतात, संध्याकाळी जहाज सुटते. मधल्या चार-सहा तासांत हजारो खाटांच्या चादरी बदलतात, आठवडाभराचा शिधा भरला जातो, कचरा उतरतो, इंधन घेतले जाते. स्वयंपाकघराचा बेत, नाट्यगृहाचा कार्यक्रम, दुकानांतले सेल, सगळे या एका दिवसाशी बांधलेले. चार-पाच हजार नव्या माणसांसाठी पहिल्या दिवसापासून सुरू होणाऱ्या या गाडीत आधीपासून बसलेल्या दोन-तीनशे जणांसाठी वेगळा डबा जोडणे कंपनीला परवडत नाही. त्यामुळे दुसऱ्या सोमवारी पहिल्या सोमवारचेच जेवण समोर येते. शाकाहारी मराठी कुटुंबाला याचा फटका जरा लवकर बसतो. आधी सांगून ठेवले तर डाळ, भात आणि पनीर मिळते, हे खरे. पण दहाव्या दिवशीही तेच पनीर मिळते.

मधल्या दिवशी खाली उतरवतात त्याचे कारण वेगळे. अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याच्या दृष्टीने तो प्रवासी परदेशातून परत आलेला असतो. त्याचा प्रवास पुढे चालू आहे याच्याशी त्या खात्याला कर्तव्य नाही. जहाजावरील प्रवाशांचा आकडा शून्यावर आला पाहिजे, मगच नवी मोजणी सुरू होते. जोडफेरीवाल्यांना एका दिवाणखान्यात जमवतात, हातात कार्ड देतात, रांगेने खाली नेतात, पासपोर्ट पाहून परत वर आणतात. दुसऱ्या फेरीची केबिन वेगळी असेल तर सामानही हलवावे लागते. इंटरनेटचे आणि पेयांचे पॅकेज पहिल्या फेरीबरोबर संपलेले असते, ते नव्याने घ्यायचे. कंपनीच्या हिशेबात हा दोन आठवड्यांचा एक प्रवास नसतो, एकाच नावाचे दोन ग्राहक असतात.

आता तेच बंदर दोनदा का? यामागे १८८६ सालचा अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत, आणि जिथून निघाले तिथेच परत येणाऱ्या जहाजालाही वाटेत निदान एक परदेशी बंदर घ्यावे लागते. अमेरिकी जहाजवाहतुकीचे रक्षण हा या कायद्याचा हेतू. आज कॅरिबियनमधली जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणांचे झेंडे लावतात. कंपन्यांची नोंदणीही तशीच झाली: कार्निव्हलची पनामात, रॉयल कॅरिबियनची लायबेरियात. अमेरिकी कर आणि अमेरिकी कामगार कायदे यांतून सुटण्याचा हा जुना मार्ग. त्या सुटकेची किंमत म्हणून परदेशी बंदराची अट पाळावी लागते, आणि ती भागवायला फ्लोरिडाला सर्वांत जवळचा परदेश म्हणजे बहामा. म्हणून बहामातले नसाऊ पहिल्या फेरीतही असते आणि दुसऱ्यातही. सहा मोठी जहाजे एकाच वेळी लागू शकतील असा धक्का तिथे २०२३ मध्ये पुरा झाला. तो भरलेला असेल त्या दिवशी शहराच्या मुख्य रस्त्यावर दिसतात ते बहुतांशी इतर जहाजांवरचे प्रवासी.

नसाऊ नसेल तर कंपनीचे स्वतःचे बेट असते. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने १९७७ मध्ये बहामातले ग्रेट स्टिरप के घेतले, तेव्हा ती एक हौस वाटली असेल. आज तो धंद्याचा कणा आहे. डिस्नेचे कॅस्टअवे के १९९८ पासून, रॉयल कॅरिबियनचे नव्याने उभारलेले कोकोके २०१९ पासून, कार्निव्हलचे सेलिब्रेशन की जुलै २०२५ पासून. बेट फ्लोरिडाजवळ असल्याने इंधन कमी जळते, कायद्याची अट भागते आणि किनाऱ्यावर खर्च झालेला डॉलरही बहुधा कंपनीच्याच गल्ल्यात पडतो. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचे लबादी रॉयल कॅरिबियन १९८६ पासून वापरत आली. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भीषण भूकंप झाला, आणि त्याच आठवड्यात लबादीच्या कुंपणाआड पर्यटक पोहत होते. कंपनी मदतसामग्रीही उतरवत होती, हेही नमूद केले पाहिजे. पण कॅरिबियन पाहायला गेलेला माणूस कॅरिबियनपासून किती दूर ठेवला जातो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नसेल.

खरे तर मराठी वाचकाला ही बेटे अनोळखी नाहीत. किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन ही नावे आपल्याकडे १९७१ पासून घरोघरी आहेत. अजित वाडेकरांचा क्रिकेट संघ, मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा, पदार्पणाच्या मालिकेतच सुनील गावसकरांच्या ७७४. ब्रिजटाऊनचे केन्सिंग्टन ओव्हल, जिथे २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, ते क्रूझच्या धक्क्यापासून फार लांब नाही. तरीही जहाजाने आलेल्या बहुतेकांना ते दिसत नाही. बंदरात मिळणाऱ्या सात-आठ तासांतला मोठा भाग उतरण्यात, हिऱ्यांच्या आणि घड्याळांच्या दुकानांत आणि परतीच्या रांगेत जातो. जहाजावर वाटल्या जाणाऱ्या नकाशांत ठळक छापलेली दुकाने त्या जागेसाठी पैसे मोजत असतात.

सर्वांत जास्त राग येतो तो वगळलेल्या बंदराचा. इथे हवामानाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. ‘हिवाळ्यातही उबदार’ ही जाहिरात दक्षिण कॅरिबियनला, म्हणजे अरूबा, कुरासाव, बार्बाडोस यांना बरीचशी लागू पडते. बहामाला पूर्ण लागू पडत नाही. उत्तर अमेरिकेच्या मैदानांवरून थंड हवेचे लोट दर काही दिवसांनी मेक्सिकोच्या आखातावर आणि फ्लोरिडावर उतरतात. त्यांच्या मागून वाहणारा उत्तरेचा वारा बहामा, क्यूबा, युकातानपर्यंत पोचतो. नसाऊत जानेवारीतली दुपार सरासरी पंचवीस अंशांची असते, पण असा लोट आला की तापमान पार खाली येते. समुद्राचे पाणी तर तेवीस-चोवीस अंशांचेच असते. पुण्यातल्या माणसालाही त्यात उतरताना विचार करावा लागेल. वारा वाढला की कोझुमेलला मेक्सिकोचे बंदर अधिकारी बंदरच बंद करतात. पूर्वेकडच्या बेटांवर याच दिवसांत व्यापारी वारे जोर धरतात, तिकडचे लोक त्यांना नाताळचे वारे म्हणतात.

ग्रँड केमनचे उदाहरण विशेष बोलके आहे. जॉर्जटाऊन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. एरवीचा वारा पूर्वेचा, त्यामुळे बंदराला बेटाचाच आडोसा मिळतो. थंडीची लाट आली की वारा वायव्येकडून फिरतो आणि नेमका बंदराच्या तोंडावर आदळतो. मोठ्या जहाजाला लागायला तिथे धक्का नाही. जहाज दूर नांगरते आणि प्रवाशांना लहान टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाटा उंच असतील तर हलत्या जहाजातून हलत्या बोटीत म्हाताऱ्या माणसांना उतरवणे हा जिवाशी खेळ होतो. कधी दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स या पर्यायी जागेवर उतरवतात, कधी बंदर सोडून देतात. धक्का बांधावा का, यावर केमनच्या मतदारांनी एप्रिल २०२५ मध्ये कौल दिला आणि स्पष्टपणे नाही म्हटले. प्रवाळ आणि गर्दी या दोन्हींची त्यांना काळजी होती. बेट त्यांचे आहे, निर्णयही त्यांचाच. पण जानेवारीतले केमन यादीत छापताना कंपनीला हे सगळे ठाऊक असते.

बंदर न घेण्याचा कप्तानाचा निर्णय आम्ही चुकीचा मानत नाही. आजची जहाजे म्हणजे पंधरा-वीस मजल्यांच्या तरंगत्या भिंती आहेत, आणि वारा त्या भिंतीला शिडासारखा ढकलतो. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या फेरीवर निघालेले आयकॉन ऑफ द सीज सुमारे २ लाख ४८ हजार टनांचे आहे, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून मोठे. त्यावर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. असे जहाज जोराच्या वाऱ्यात अरुंद धक्क्याला लावण्याचा हट्ट कोणी धरू नये. आक्षेप आहे तो पैशाच्या मांडणीला. बंदर वगळले की प्रवाशाला साधारणतः त्या बंदराचे शुल्क आणि कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. बस, एवढेच. एरवी बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर कॅसिनो आणि करमुक्त दुकाने बहुधा बंद असतात. समुद्रात राहिलेल्या जहाजावर ती उघडी राहतात. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नातला ढोबळ मानाने तीस ते पस्तीस टक्के वाटा जहाजावरच्या खर्चाचा आणि तत्सम बाबींचा असतो. म्हणजे वगळलेल्या बंदराचा तोटा जवळजवळ पूर्ण प्रवाशाच्या पदरात जातो, आणि कंपनीच्या पदरात पडला तर थोडा फायदाच पडतो. कोणी जाणूनबुजून बंदर टाळते असे आम्हाला म्हणायचे नाही. पण बंदर चुकल्याने ज्याचे काहीच बिघडत नाही, त्याला हिवाळ्यात अधिक भरवशाचा मार्ग आखण्याची घाई कशाला असेल?

कायदा प्रवाशाच्या फारसा कामी येत नाही. तिकिटाच्या करारात बंदरे बदलण्याचा, वगळण्याचा, क्रम फिरवण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हलच्या एका खटल्यात तिकिटावरच्या बारीक अक्षरांतली अट ग्राह्य धरली. वॉशिंग्टन राज्यातून आलेल्या आणि जहाजावर पडून जखमी झालेल्या प्रवाशालाही दावा फ्लोरिडातच लावावा लागेल, असा तो निकाल होता. २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फ जहाज इंजिनातल्या आगीनंतर मेक्सिकोच्या आखातात अनेक दिवस विजेविना अडकले, स्वच्छतागृहे तुंबली, जगभर छी-थू झाली. त्यानंतर क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. तिच्यात यांत्रिक बिघाडाने फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, मध्येच संपली तर काही भाग परत, असे आश्वासन आहे. वाऱ्यामुळे हुकलेल्या बंदराला त्या सनदेत परतावा नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रवाशाला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पाहून तक्रारीचा आवाज थोडा खाली यायला हवा. केबिन आवरणारा तोच मुलगा नव्या पाहुण्यांचे पहिल्या दिवसाइतक्याच उत्साहाने स्वागत करताना दिसतो. त्याची फेरी सात दिवसांची नसते, सहा-नऊ महिन्यांची असते. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. उलट बाजूने मोजले तर आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम नियमात बसते. या मुलांत गोव्याचे, सिंधुदुर्गाचे, मुंबईचे बरेच असतात. गोव्यात तर तारवटी म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची घरे गावोगावी आहेत. बंदर वगळले की प्रवाशाचा एक दिवस जातो. कर्मचाऱ्याची मात्र किनाऱ्यावर जाऊन घरी निवांत फोन करण्याची तासाभराची संधी जाते. प्रवाशाच्या बिलात रोज माणशी पंधरा-वीस डॉलर टिप म्हणून आपोआप जमा होतात. हे खरे तर पगारच, फक्त मालकाऐवजी पाहुण्याने दिलेला.

हे सगळे असताना जोडफेरीवर खूश असणारे लोकही पुष्कळ आहेत. मिनेसोटा किंवा ओंटारिओतले निवृत्त जोडपे दर हिवाळ्यात हेच करते आणि नसाऊला जहाजावरून उतरतही नाही. त्यांना जहाजच हवे असते: गॅलरीतली खुर्ची, कोणीतरी केलेला स्वयंपाक, बर्फ नाही. त्यांनी जे विकत घेतले तेच त्यांना मिळते. निराश होतो तो बेटांसाठी गेलेला प्रवासी. कंपनी जहाज विकते आणि जाहिरातीत बेटाचे चित्र लावते, दोष आहे तो इथे. करार पाहिला तर फसवणूक म्हणता येत नाही, चित्र पाहिले तर वेगळा शब्दही सुचत नाही.

ही चर्चा आपल्या दाराशी आलेली आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मुलांकडे हिवाळ्यात गेलेल्या आई-बाबांना क्रूझची भेट देणे आता नवलाईचे राहिलेले नाही. मुंबईहूनही आता जहाजे सुटतात. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आंग्रिया आले. २०१९ मध्ये जलेश कंपनीचे कर्णिका आले आणि दीडच वर्षात अलंगच्या भंगारात गेले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस फिरते आहे. हे एम्प्रेस म्हणजे १९९० मध्ये मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी बांधलेले रॉयल कॅरिबियनचे जहाज. ते आता मुंबई, गोवा आणि लक्षद्वीपच्या वाऱ्या करते, आणि लक्षद्वीपला मोठ्या जहाजासाठी धक्का नाही. प्रवाशांना लहान बोटींतूनच किनाऱ्यावर न्यावे लागते. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच क्रूझ भारत मिशन सुरू केले. त्यात धक्क्यांची आणि प्रवासीसंख्येची बरीच चर्चा आहे. वगळलेल्या बंदराचे काय, याचे उत्तर देण्याची वेळही हीच आहे.

आपल्याकडे एक गोष्ट अमेरिकेपेक्षा बरी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो आणि करारातल्या अन्यायकारक अटींना राज्य आयोगापुढे आव्हान देता येते. पण तक्रार ही नंतरची गोष्ट झाली, आधी माहिती हवी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. आजही जहाजाला शंभरपैकी किती गुण मिळाले, कुठल्या फेरीत पोटाच्या विकाराची साथ आली, हे तिथे कुणालाही पाहता येते. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे जहाज नापास. त्या उघडेपणाने कुठलीही कंपनी बुडाली नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला कोणत्या कंपनीची विमाने किती वेळेवर सुटली याची आकडेवारी देते. मग क्रूझ कंपनीने गेल्या हिवाळ्यात ठरलेल्या बंदरांपैकी प्रत्यक्षात किती घेतली, हा आकडा जाहिरातीत का नसावा? भारतीय बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांपुरता हा नियम नौवहन महासंचालनालयाने करावा. इथे कॅरिबियनची पॅकेजे विकणाऱ्या पर्यटन कंपन्यांनी तर नियमाची वाट न पाहता तो आकडा मागून घेऊन छापावा. तोपर्यंत वाचकांनी जोडफेरीचे पैसे भरण्यापूर्वी एजंटला एवढेच विचारावे: दोन्ही फेऱ्यांत सारखी असलेली बंदरे कोणती, टेंडर बोटीने उतरायची कोणती, आणि ती हुकली तर हातात नेमके किती पैसे परत येतील. उत्तर लेखी घ्यावे.